बॅटिंग केजमधला सराव: मशीन सुरू करण्याआधीची तयारी आणि त्यानंतरचा क्रम

फेब्रुवारी लागला की न्यू जर्सीपासून शिकागोपर्यंत बेसबॉलच्या इनडोअर बॅटिंग केजमध्ये, म्हणजे सरावाच्या जाळीबंद जागेत, वेळ मिळेनासा होतो. बाहेर बर्फ असतो, लिटल लीगचा, म्हणजे मुलांच्या बेसबॉल स्पर्धांचा, सीझन एप्रिलवर आलेला असतो आणि मुलांना कधी एकदा बॅट फिरवतो असं झालेलं असतं. या गर्दीत आता मराठी घरांतली मुलंमुलीही बरीच दिसतात. त्यांना घेऊन येणारे आईबाबा बहुतेक क्रिकेट बघत, खेळत वाढलेले असतात. नेट प्रॅक्टिस त्यांना ठाऊक असते, त्यामुळे केज म्हणजे तसंच काहीतरी असणार असं धरून ते चालतात. मूल थेट चेंडू फेकणाऱ्या मशीनसमोर उभं राहतं, पंचवीस-तीस चेंडू सलग येतात, त्यातले निम्मे लागतात, मग पुन्हा तेच. अर्ध्या तासात हात दुखायला लागतात. आणि शनिवारी मैदानावर खरा पिचर (चेंडू टाकणारा) समोर आला की बॅट उशिरा येते, नाहीतर येतच नाही.

अशा वेळी मुलाच्या स्विंगला दोष दिला जातो. बहुतेकदा बिघडलेला असतो तो सरावाचा क्रम: मशीन आधी, टी (चेंडू वर ठेवून मारायचा उभा दांडा) नंतर किंवा कधीच नाही, वेग अंदाजानं लावलेला, आणि चेंडू कुठे गेला याकडे कोणाचंच लक्ष नाही. खालचा क्रम ९ ते १२ वर्षांची मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. मोठ्या खेळाडूंसाठी आकडे बदलतात, क्रम हाच राहतो.

## १. घरातून निघण्याआधी

त्या दिवसाचं एकच काम ठरवा. ‘बॅटिंग सुधारायची’ एवढं पुरत नाही. ‘बाहेरच्या बाजूचा चेंडू ओढून न मारता समोर किंवा उजवीकडे मारायचा’, ‘मागच्या सामन्यात सगळं उशिरा लागत होतं, म्हणून आज फक्त टायमिंग’, ‘गुडघ्याजवळचे चेंडू’ असं काहीतरी नेमकं हवं. ते मुलाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, आणि गाडीतच सांगून झालं पाहिजे. केजमध्ये गेल्यावर दर चेंडूला नवी सूचना दिली की मूल चेंडू बघायचं सोडून आपल्या शरीराकडे बघायला लागतं.

बॅगेत हे असू द्या: दोन्ही कान झाकणारं हेल्मेट, बॅटिंग ग्लोव्हज, सामन्यात वापरायची तीच बॅट, स्वतःची टी, स्वतःचे दहा-पंधरा खरे बेसबॉल, रंगीत कापडाच्या काही पट्ट्या, मोजपट्टी आणि पाणी. पट्ट्या आणि मोजपट्टी कशाला, ते पुढच्या टप्प्यांत येईल.

बॅटबद्दल दोन गोष्टी. लिटल लीगच्या बेसबॉलमध्ये या वयाच्या विभागांत २०१८ पासून यूएसए बेसबॉलचा शिक्का असलेली (किंवा एकसंध लाकडाची) बॅटच चालते. घरात मोठ्या भावाची किंवा ट्रॅव्हल टीमची जास्त ‘उडवणारी’ बॅट असेल आणि मूल सराव तिनं करत असेल, तर सामन्यात वजन आणि तोल दोन्ही वेगळे लागतात. सराव सामन्याच्याच बॅटनं करा. दुसरी गोष्ट कंपोझिट (कार्बन फायबरसारख्या मिश्र पदार्थाच्या) बॅटची. थंडीत, साधारण ६० अंश फॅरनहाइटच्या खाली, ती वापरू नका असं बहुतेक उत्पादक सांगतात. मशीनमध्ये घालायचे खळगे असलेले कडक प्लास्टिकचे चेंडूही तिच्यासाठी वाईट असतात. त्यामुळे बॅटला बारीक तडे जातात आणि वॉरंटीही बऱ्याचदा नाकारली जाते. गरम न केलेल्या शेडमधल्या केजमध्ये जात असाल तर जुनी ॲल्युमिनियमची बॅट न्या.

तपासा: निघण्याआधी मुलाला विचारा, “आज काय करायचंय?” उत्तर एका वाक्यात आलं तर निघा.

## २. केजमध्ये शिरल्यावर, बॅट हातात घेण्याआधी

पूर्ण लांबीची केज साधारण ७० फूट लांब, १२ ते १४ फूट रुंद आणि १० ते १२ फूट उंच असते. ५५ फुटांच्या आणि त्याहून आखूड केजही असतात. तुमची केज केवढी आहे ते मोजा. होम प्लेटपासून (बॅटर जिच्याशेजारी उभा राहतो ती जमिनीवरची पाटी) मशीनच्या तोंडापर्यंतचं अंतर, जाळीचं छत किती उंच, रुंदी किती, हे तीन आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर चालतो.

मग एक चक्कर मारा. जाळीला कुठे भोक आहे का? जाळी खालून उचललेली आहे का? एल-स्क्रीनच्या (चेंडू टाकणाऱ्यासमोरच्या एल आकाराच्या संरक्षक जाळीच्या) लोखंडी चौकटीवरचं फोमचं आवरण शाबूत आहे का? चेंडू उघड्या लोखंडावर आपटला तर तो सरळ बॅटरच्या तोंडाकडे परत येतो. जमिनीवर विखुरलेले चेंडू उचला. पायाखाली चेंडू येऊन घोटा मुरगळणं ही केजमधली नेहमीची दुखापत आहे, आणि ती पूर्ण टाळता येते.

नियम थोडे आहेत, पण त्यांना अपवाद नाही. आत एकच बॅट, एकच बॅटर. दार बंद झाल्याशिवाय चेंडू टाकायचा नाही. धाकटी भावंडं जाळीला नाक लावून उभी राहतात, त्यांना तीन-चार फूट मागे घ्या, कारण चेंडू लागला की जाळी तेवढी बाहेर फुगते. चेंडू टाकणाऱ्यानं प्रत्येक चेंडूनंतर पूर्ण एल-स्क्रीनच्या मागे जायचं. चेंडू गोळा करताना बॅटरनं बॅट खाली ठेवायची.

सावधान: मशीनचं बटण बंद केलं तरी चाकं बराच वेळ फिरत राहतात. ती पूर्ण थांबेपर्यंत कोणीही मशीनसमोर जायचं नाही आणि अडकलेल्या चेंडूला हात लावायचा नाही.

## ३. मशीनचा वेग घड्याळाच्या हिशेबानं लावा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं सविस्तर.

मशीनवरचा आकडा ताशी मैलांत असतो, आणि आईबाबा त्याची तुलना पिचरच्या वेगाशी करतात. ‘त्यांचा पिचर ५० नं टाकतो, मग आपण ६० वर सराव करू, म्हणजे सामन्यात सोपं जाईल.’ यात अंतर विसरलं जातं. बॅटरला खरं तर किती वेळ मिळतो एवढंच महत्त्वाचं. हिशेब सोपा आहे: ताशी मैलांना १.४७ नं गुणलं की सेकंदाला किती फूट ते मिळतं. अंतराला त्यानं भागलं की वेळ मिळतो.

लिटल लीगच्या मेजर्स विभागात (याच वयाच्या मुलांच्या) पिचरची रबराची पट्टी प्लेटपासून ४६ फुटांवर असते. पिचर पाऊल पुढे टाकून चेंडू सोडतो, म्हणजे चेंडू प्रत्यक्षात सुमारे ४२ फुटांवरून निघतो. ताशी ५० मैल म्हणजे सेकंदाला साधारण ७३ फूट. बॅटरला ०.५७ सेकंद मिळाले. (हवेमुळे चेंडू थोडा मंदावतो. तो फरक इथे धरलेला नाही, कारण तुलना करताना तो दोन्हीकडे असतो.)

आता आखूड केज घ्या, मशीन ३६ फुटांवर. तेच ०.५७ सेकंद हवे असतील तर वेग लागतो ताशी ४३ मैल. आणि बाबांनी ‘सोपं जावं’ म्हणून ६० लावले तर मुलाला मिळतात ०.४१ सेकंद. साडेसाठ फुटांवरून ताशी ९० मैलांनी टाकणाऱ्या मोठ्या पिचरसमोर बॅटरला जवळपास तेवढाच वेळ असतो. अकरा वर्षांचं मूल त्यावर एकच उपाय शोधू शकतं: चेंडू न बघता, मशीनच्या ठेक्यावर बॅट आधीच सोडून देणं. आठवडाभरात ती सवय होते आणि काढायला महिने जातात.

उलट ७० फुटी केजमध्ये मशीन खूप मागे ठेवलेलं असेल तर ५० मैलांचा चेंडू सामन्यापेक्षा उशिरा पोहोचतो, आणि मूल पुढे झुकून मारायला शिकतं. मशीन हलवता येत असेल तर ते लीगच्या अंतरावर, किंवा त्याहून तीन-चार फूट पुढे आणा.

फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये १२ वर्षांखालील मुलींसाठी अंतर ४० फूट, १० वर्षांखाली ३५ आणि हायस्कूलला ४३ फूट. हिशेब तोच. पण आणखी एक गोष्ट करायची असते: मशीनचे पाय खाली घ्यायचे. सॉफ्टबॉलचा चेंडू कमरेजवळून सुटतो. बेसबॉलच्या उंचीवरून येणाऱ्या चेंडूंवर सराव केला तर सामन्यातला चेंडू डोळ्यांना परका वाटतो.

वेग ठरला की बॅटर बाहेर असतानाच पाच-सहा चेंडू सोडून बघा. मागच्या जाळीवर, प्लेटच्या रेषेत, गुडघ्यापासून छातीच्या खालपर्यंत पट्ट्यांनी चौकट करा. प्लेट १७ इंच रुंद असते, चौकट तेवढीच. मशीन हलतंय का, पाय सपाट जमिनीवर आहेत का, कुलूप घट्ट आहे का ते बघा. चेंडू एकाच प्रकारचे घाला. झिजलेले, ओले, चामड्याचे आणि खळगेवाले असे मिसळून घातले की एक डोक्याकडे जातो आणि पुढचा पायाशी पडतो. चामड्याचे चेंडू घालत असाल तर प्रत्येक चेंडूची शिवण एकाच दिशेला ठेवा.

तपासा: सलग पाचपैकी चार चेंडू चौकटीत आले की बॅटरला आत घ्या. वेग बदलला की उंची पुन्हा लावावी लागते. वेग कमी केला तर चेंडू खाली पडतो, वाढवला तर वर चढतो.

मशीन लागलं. आता ते बंद करा. त्याची पाळी अजून आलेली नाही.

## ४. टी

अंग गरम करायला पाच मिनिटं पुरतात: थोडं पळणं, खांदे-कंबर फिरवणं, बॅटशिवाय काही स्विंग, मग बॅटसह हळू स्विंग.

टी लहान मुलांची म्हणून बाजूला ठेवली जाते, हे फार चुकीचं आहे. मेजर लीगचे बरेच बॅटरसुद्धा रोजचा सराव टीवरूनच सुरू करतात. चूक होते ती मांडणीत. टी प्लेटच्या बरोबर मध्यावर ठेवून मूल तिच्या शेजारी उभं राहिलं की चेंडू त्याच्या पोटासमोर येतो आणि मारताना कोपर दुमडतात. आधी मुलाला प्लेटजवळ सामन्यात उभं राहतं तसं उभं करा. मग टी त्याच्याभोवती हलवा. उजव्या हातानं खेळणाऱ्यासाठी:

मधला चेंडू – पुढच्या पायाच्या रेषेत. आतला, म्हणजे अंगाजवळचा – पुढच्या पायाच्याही थोडा पुढे. बाहेरचा – पुढच्या पायाच्या मागे, प्लेटच्या पलीकडच्या कडेवर.

या तीन जागा मुलाला तोंडपाठ हव्यात. आतला चेंडू लवकर भेटायला हवा आणि बाहेरचा उशिरा, हे टीवर कळलं नाही तर मशीनवर कळणं अवघड. प्रत्येक जागी पाच-सहा स्विंग, त्यातही दिवसाचं काम जिथलं असेल तिथे जास्त. टी केजच्या मागच्या टोकाला ठेवून पूर्ण लांबीत मारू द्या. जाळीला तोंड लावून मारलं तर चेंडू कसा गेला तेच दिसत नाही.

तपासा: स्विंग संपल्यावर मूल दोन सेकंद तोल सांभाळून उभं राहू शकतं का? पाय घसरत असतील तर बॅट जड आहे किंवा ताकद जास्त लावली जातेय.

पकडही इथेच बघून घ्या. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा डावा हात बॅटच्या बुंध्याशी आणि उजवा त्याच्या वर. काही लहान मुलं हात उलटे धरतात. त्यात मनगट मुरगळण्याचा धोका आहे, लगेच बदला.

## ५. फ्रंट टॉस

टीवरून थेट मशीनवर उडी मारायची नाही. मधली पायरी म्हणजे एल-स्क्रीनच्या मागून १५ ते २० फुटांवरून खालून टाकलेला चेंडू. हा चेंडू सपाट आणि ठाम यायला हवा. हवेत उंच झेलासारखा टाकलेला चेंडू वरून खाली पडतो, आणि त्याला मारायला मूल बॅट खालून वर खेचायला शिकतं. टाकण्याआधी हात मागे नेऊन क्षणभर थांबा, मग टाका. त्या थांबण्यावर मुलानं पुढचं पाऊल उचलायचं असतं. चेंडू सुटला की हात आणि डोकं स्क्रीनच्या आड.

बाजूला बसून टाकायच्या साइड टॉसची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. अनुभवी कोच असतील तर ठीक. आईबाबांनी तो टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. टाकणारा उघड्यावर असतो, चुकीचा लागलेला चेंडू थेट त्याच्याकडे येऊ शकतो, आणि सामन्यात त्या दिशेनं चेंडू कधी येतच नाही.

दहा-दहा चेंडूंच्या दोन फेऱ्या. पहिलीत सगळे मध्ये, दुसरीत आत-बाहेर.

## ६. मशीनसमोर

पहिले पाच चेंडू मारायचे नाहीत. हेल्मेट घालून, पूर्ण तयारीत उभं राहायचं, पाऊल टाकायचं, बॅट मात्र धरून ठेवायची. चेंडू मागच्या जाळीवर आदळायच्या आत मोठ्यानं म्हणायचं: ‘स्ट्राइक’ (चौकटीतला) किंवा ‘बॉल’ (चौकटीबाहेरचा). मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, तरी सोडू नका. डोळे त्या वेगाला इथेच सरावतात. पुढचे तीन-चार चेंडू बंट करा, म्हणजे बॅट न फिरवता नुसती आडवी धरून अडवा. बॅटची आणि चेंडूची रेषा जुळते, आणि मुलाची भीतीही कमी होते.

मशीनला हात नसतो, त्यामुळे बॅटरला तयारीची खूण मिळत नाही. ती खूण चेंडू घालणाऱ्यानं द्यायची. चेंडू मुलाला दाखवा, डोक्यापर्यंत उचला, क्षणभर थांबा, मग एकाच चालीत नळीत सोडा. प्रत्येक वेळी तस्सं. मुलानं वजन मागच्या पायावर न्यायचं ते चेंडू खाली यायला लागला की. फेकणारा लोखंडी हात असलेलं मशीन असेल तर हात वर येताना दिसतो, तीच खूण.

दोन चेंडूंमध्ये सात-आठ सेकंद जाऊ द्या. मुलाला पाय पुन्हा नीट रोवता येतात, आणि चाकांनाही वेग परत घ्यायला वेळ मिळतो. घाईघाईनं घातलेला पुढचा चेंडू कमी वेगानं येतो, आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं.

एका फेरीत आठ ते दहा चेंडू, मग बाहेर येऊन दोन मिनिटं विश्रांती. त्या वेळात एकच प्रश्न विचारा: “शेवटचा चेंडू कसा वाटला?” मुलाला बोलू द्या. ते म्हणतं त्यातून तुम्हाला कळेल की त्याला चेंडू दिसतोय की नाही.

सावधान: चेंडू अचानक अंगावर येऊ लागले तर ‘खेळून काढ’ म्हणू नका. लगेच थांबवा, बॅटरला बाहेर काढा, मशीन पुन्हा तपासा.

## ७. जाळी वाचायला शिका

केजमध्ये चेंडू पुढे जाऊन पडत नाही, त्यामुळे चांगला फटका कोणता ते बहुतेकांना कळत नाही. छताला जोरात लागला की ‘होम रन!’, बाजूच्या जाळीला लागला की ‘फाउल’, म्हणजे रेषेबाहेर. दोन्ही समज बहुतेकदा चुकीचे असतात. मोजपट्टी आणि कापडाच्या पट्ट्या इथेही लागतात.

छत १२ फूट उंच असेल तर प्लेटपासून २० फूट पुढे छताच्या जाळीला एक पट्टी बांधा. मेजर लीगच्या मोजमापात १० ते २५ अंशांत निघालेला चेंडू लाइन ड्राइव्ह (सपाट गेलेला), २५ ते ५० अंशांतला फ्लाय बॉल (उंच गेलेला) आणि त्यावरचा पॉप-अप (जवळपास सरळ वर गेलेला). सुमारे तीन फूट उंचीवर लागलेला चेंडू २० फुटांच्या पट्टीजवळ छताला भिडला तर तो साधारण २५ अंशांत निघालेला असतो. म्हणजे पट्टीच्या अलीकडे छताला लागणारे चेंडू हवेत उंच जाणारे. या वयाच्या मुलांचे तसे चेंडू बहुतेक झेलले जातात. पट्टीच्या पलीकडे, ३० ते ४५ फुटांवर छताला लागणारे आणि समोरच्या जाळीच्या वरच्या भागात आदळणारे, हे खरे चांगले फटके. समोरच्या जाळीच्या खालच्या भागात किंवा त्याआधीच जमिनीवर पडणारे म्हणजे ग्राउंडर. छत १० फूटच असेल तर पट्टी १५-१६ फुटांवर बांधा.

आता बाजूची जाळी. मैदानावर फाउल लाइन प्लेटपासून दोन्हीकडे ४५ अंशांत जाते. केज १४ फूट रुंद असेल आणि प्लेट मध्यावर असेल, तर बाजूची जाळी सात फुटांवर असते, आणि फाउल लाइन त्या जाळीला प्लेटच्या सात फूट पुढे भेटते. त्याच्या पुढे कुठेही बाजूच्या जाळीला लागलेला चेंडू मैदानात गेला असता. १२ फूट रुंदीला हेच अंतर सहा फूट. तिथेही एक पट्टी बांधा. आपला ‘फाउल’ खरा तर उजवीकडे गेलेला चांगला हिट होता हे मुलाला दिसलं की सगळं समोरच मारायचा अट्टहास सुटतो.

मग काय बघायचं?

सगळे चेंडू ओढलेल्या बाजूला, म्हणजे उजव्या बॅटरचे डावीकडे: बॅट लवकर येतेय. सगळे उलट बाजूला: उशिरा. बॅटच्या वरून सरळ मागच्या जाळीत: वेळ बरोबर, बॅट चेंडूच्या किंचित खाली गेली. हे जवळपास लागलेले चेंडू आहेत, यावर स्विंग बदलायला जाऊ नका. हात झिणझिणतात: चेंडू बॅटच्या अगदी टोकाला किंवा दांड्याजवळ लागतोय, म्हणून उभं राहण्याचं अंतर बघा. एकामागून एक जमिनीवर: बऱ्याचदा मनगटं लागण्याआधीच वळतात.

निष्कर्ष काढायला किमान एक फेरी जाऊ द्या. दोन चेंडूंवरून काही ठरत नाही.

## ८. चेंडू मिसळा

आतापर्यंत एकच वेग, एकच जागा. इथे थांबलं तर मूल मशीनला चांगलं मारायला शिकतं, पिचरला नाही. अमेरिकेतल्या ज्युनियर कॉलेजच्या ३० खेळाडूंवर केलेला एक अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटानं फास्टबॉल (जलद), कर्व्हबॉल (वळणारा) आणि चेंजअप (फसवा, संथ) प्रत्येकी १५ असे ओळीनं मारले, दुसऱ्या गटाला तेच ४५ चेंडू कुठल्याही क्रमानं आले. सहा आठवड्यांनी ओळीनं मारणाऱ्यांची सुधारणा सुमारे २५ टक्के होती, मिसळून मारणाऱ्यांची सुमारे ५७ टक्के. मिसळलेला सराव करताना मूल जास्त चुकतं, म्हणून आईबाबांना तो वाईट वाटतो. तो चालू द्या.

लहान मुलांना कर्व्हबॉल नको. वेग आणि जागा बदलली तरी पुरे. मशीन एका वेगावरच असेल तर चेंडू घालण्यातलं अंतर बदला: कधी सहा सेकंद, कधी बारा. मुलाला दोन पावलं पुढे किंवा मागे उभं करा. त्यापेक्षा चांगलं म्हणजे ही फेरी एल-स्क्रीनमागून हातानं टाका, कधी जलद, कधी संथ, कधी मुद्दाम बाहेर. बाहेरचा चेंडू सोडला तर तो चांगला स्विंग मारल्याइतकाच मोजा. काउंटही (आतापर्यंत किती बॉल, किती स्ट्राइक) सांगा: “दोन बॉल, एक स्ट्राइक.” मुलाला ठरवावं लागतं, आणि सामन्यात तेच ठरवायचं असतं.

## क्रिकेटच्या सवयी

क्रिकेट खेळलेल्या मुलांत तीन गोष्टी हमखास दिसतात. चेंडूकडे पाऊल टाकणं: इथे पाऊल दर वेळी पिचरच्या दिशेनंच, छोटं, आणि चेंडू आत की बाहेर ते कळण्याआधी टाकायचं असतं. बॅट खालून उचलणं: इथे बॅट खांद्याच्या मागे, हात छातीच्या उंचीवर तयार हवेत, नाहीतर वेळ पुरत नाही. आणि चेंडू जमिनीवर ठेवायला मनगट वळवणं: क्रिकेटमध्ये ते कौतुकाचं, इथे त्यातून सरळ ग्राउंडर होतो.

एक सवय मात्र जपा. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडायला शिकलेल्या मुलाला स्ट्राइक झोन इतरांपेक्षा लवकर कळतो.

## टोकनची केज असेल तर

मॉलशेजारच्या किंवा मिनी गोल्फजवळच्या केजमध्ये मशीन तुमच्या हातात नसतं. एका टोकनला साधारण १५ ते २५ चेंडू ठरावीक अंतरानं येतात. तरीही क्रम पाळता येतो. टी आणि टॉस घरच्या अंगणात, मऊ चेंडूंनी करून या. आधी बाहेरून दुसऱ्या कोणाच्या टोकनचे चेंडू बघा, ते कुठे पडतात ते कळतं. मशीनचं अंतर विचारा आणि वरचा हिशेब करा. बहुतेक मुलांना पाटीवरच्या वेगापेक्षा एक पायरी खालची केज लागते. पहिले चार-पाच चेंडू फक्त बघा. मधला एखादा चेंडू सोडून पाय पुन्हा रोवा. पैसे दिलेत म्हणून प्रत्येक चेंडू मारलाच पाहिजे असं नाही.

## ९. थांबायचं कधी, आणि सामन्याच्या दिवशी काय

या वयात टीपासून शेवटपर्यंत मिळून ६० ते ८० स्विंग भरपूर झाले. त्याआधीही थांबावं लागतं. मागचा खांदा खाली पडायला लागला, पुढचा पाय बाहेर उघडायला लागला, स्विंगनंतर तोल जायला लागला, तळहातावर फोड दिसला की त्या दिवसापुरतं पुरे. दमलेल्या स्विंगचाही सराव होतो, आणि तोही अंगात बसतो. शेवट टीवरच्या पाच सावकाश स्विंगनी करा.

घरी जाताना वहीत दोन ओळी: मशीनचं अंतर आणि वेग, दिवसाचं काम काय होतं, चेंडू कुठल्या बाजूला जास्त गेले. पुढच्या वेळचं काम त्यातूनच निघतं.

सामन्याच्या दिवशी मैदानाशेजारच्या केजमध्ये पंधरा मिनिटं मिळतात, तेव्हा काही सुधारायला जाऊ नका. टीवर मधल्या, आतल्या, बाहेरच्या जागी मिळून दहा स्विंग. फ्रंट टॉसचे दहा चेंडू. मशीन असेल तर तीन बघायचे, पाच मारायचे. शेवटचा चेंडू चुकला तरी ‘आणखी एक’ देत बसायचं नाही. बॅट दुसऱ्या मुलाच्या हातात द्यायची आणि आपल्या मुलाला डगआउटकडे पाठवायचं. तिथे बसून त्यानं समोरचा पिचर गरम होताना बघायचा: चेंडू कुठून सोडतो, किती उंचीवरून, आणि पहिला स्ट्राइक कुठे टाकतो.